सॅक आधी काट्यावर, मग पाठीवर

मुक्कामी ट्रेकसाठी हलकं आणि खिशाला परवडणारं सामान : आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या दुकानात शिरलात की डाव्या हाताला छताच्या हुकाला एक काटा टांगलेला दिसेल. पूर्वी तो एका भुसार दुकानात होता, आता त्याला सॅका लटकतात. "मुक्कामी ट्रेकला जायचंय, काय काय घ्यावं लागेल?" असं विचारत कुणी आलं, की आमचं उत्तर ठरलेलं असतं : घरात जे आहे ते सगळं भरून एकदा इथे आणा. विकायला बसलेल्यानं असं सांगणं धंद्याला धरून नाही, हे आम्हालाही कळतं. पण न बघता घेतलेली सत्तर लिटरची सॅक दुसऱ्या दिवाळीला माळ्यावर जाते आणि तो माणूस पुन्हा ना डोंगरात दिसतो, ना दुकानात.

मागच्या हिवाळ्यात कॉलेजचा एक मुलगा असाच सॅक घेऊन आला. वाईकडून पांडवगड, कमळगड करून पुढे केंजळगड, रायरेश्वर असा त्यांचा रेंज ट्रेक ठरला होता. काट्यानं १३ किलो ८०० ग्रॅम दाखवले, तेही पाणी आणि शिधा न धरता. आम्ही काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि एकेक वस्तू काढून वजन लिहीत गेलो. नुसती रिकामी सॅक २ किलो ३००. मावसभावानं हिमालयासाठी घेतलेली स्लीपिंग बॅग २ किलो ४००. दोघांचा डोम तंबू २ किलो ८००. दोन जीन्स मिळून १ किलो ३००. आईनं दिलेला तीन पुडांचा स्टीलचा डबा ७०० ग्रॅम, थर्मासची बाटली ६००, टर्किश टॉवेल ४५०, वीस हजार एमएएच क्षमतेची पॉवर बँक ४००. एवढ्या आठ-नऊ वस्तूंतच अकरा किलोला पन्नास ग्रॅम कमी.

टर्किश टॉवेलच्या जागी पंचा आला : १२० ग्रॅम, आणि उन्हात खडकावर टाकला तर चहा होईपर्यंत वाळतो. थर्मास काढून एक लिटरच्या दोन साध्या प्लास्टिकच्या बाटल्या घेतल्या; दोन्ही मिळून ५० ग्रॅमसुद्धा भरत नाहीत. जीन्स दोन्ही घरी, अंगावर ट्रॅक पँट. पॉवर बँक दहा हजारवाली. डबा परत आईकडे. पोरांनी मुक्काम खालच्या वाडीत आणि वर रायरेश्वराच्या पठारावर ठरवले होते. पठारावर जंगम मंडळींची घरं आहेत आणि सांगून ठेवलं तर जेवणाचीही सोय होते. मग तंबू कशासाठी? तो दुकानातच राहिला. सॅक आणि स्लीपिंग बॅग आमच्याकडची भाड्यानं घेतली, सव्वा किलोच्या आतली सॅक आणि एक किलोची बॅग. पुन्हा काट्याला लावलं तर साडेपाच किलोच्या आत. त्याला विकत घ्यावं लागलं ते काय, तर एक पंचा. बाकी फरक पडला तो काढून ठेवल्यानं.

तेव्हा पहिली गोष्ट : हलकं सामान म्हणजे महाग सामान नव्हे. टायटॅनियमचं भांडं आणि कार्बनच्या काठ्या याही हलक्याच, पण पहिले पाच-सहा किलो कमी करायला एक रुपयाही लागत नाही. पैसे लागतात ते त्यानंतरच्या एक-दोन किलोंना, आणि तिथे ते खरंच भरमसाट लागतात.

वजन मोजताना पाणी, खाणं आणि गॅस बाजूला ठेवा. ते रोज कमी होत जातं. उरलेलं कायमचं वजन साडेचार किलोच्या खाली आणणाऱ्यांना परदेशात अल्ट्रालाइट म्हणतात. त्या आकड्याच्या मागे लागू नका. सातारा-सांगलीच्या डोंगरांत हिवाळी मुक्कामासाठी पाच-सहा किलोपर्यंत आलात तरी भरपूर झालं. दोन दिवसांचा शिधा आणि तीन लिटर पाणी धरलं, की पाठीवर साधारण दहा किलो होतात. नवख्या माणसानं आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त पाठीवर घेऊ नये, असा एक जुना आडाखा आहे. पन्नास किलोच्या मुलीला दहा म्हणजे काठावरच.

सगळ्यात जास्त वजन तीन वस्तूंत असतं : सॅक, झोपायचं आणि डोक्यावरचं छप्पर. म्हणून साबण अर्धा कापण्याआधी या तिघांकडे बघा.

सॅक सगळ्यात शेवटी घ्या. बरेच जण उलटं करतात. आधी मोठी सॅक येते आणि मग ती भरायला सामान शोधलं जातं. रिकामी जागा कुणाला बघवत नाही. आधी बाकीचं सामान जमवा, ते घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर वेगवेगळ्या सॅकांत भरून दाखवतो. दोन मुक्कामांना ४० ते ५० लिटर पुष्कळ. वासोट्यासाठी तर मोठी सॅक घेऊच नका. तो किल्ला कोयना अभयारण्यात येतो, गडावर मुक्कामाला परवानगी नाही. बामणोलीहून लाँचनं जायचं आणि संध्याकाळच्या आत परतायचं. त्याला वीस लिटरची साधी पाठपिशवी चालते.

सॅक घालून बघताना कमरेचा पट्टा कमरेच्या हाडावर बसतो का ते बघा, पोटावर नव्हे. भार कमरेवर यायला हवा, खांद्याचे पट्टे तोल सांभाळण्यापुरते. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान बसते, म्हणून आमच्याकडे वाळूच्या पिशव्या ठेवल्यात. आठ किलो भरून दुकानात दहा मिनिटं फिरा. तेवढ्यावर समाधान झालं नाही तर अनामत ठेवा आणि पहाटे अजिंक्यताऱ्यावर चढून या. रोज फिरायला येणारी मंडळी बघतील जरा, बघू देत.

झोपायचं. इथे लोक सर्वात जास्त पैसे वाया घालवतात. स्लीपिंग बॅगेवर 'उणे दहा' छापलेलं असलं की ती चांगली, असा समज आहे. बारकाईनं बघा, चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात : कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. एक्स्ट्रीम म्हणजे त्या थंडीत माणूस कसाबसा तग धरेल एवढंच. झोप लागेल असं नाही. आपल्याला कम्फर्टचा आकडा हवा. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत उघड्या पठारावर पहाटे चांगलं काकडायला होतं, पण बर्फ पडत नाही. कम्फर्ट ५ ते १० अंशांची, एक किलोच्या आसपासची बॅग इथे पुरते. जास्तच थंडी वाटली तर कानटोपी आणि कोरडे मोजे घालून झोपा. शंभर-दीडशे ग्रॅमचं काम आहे.

पिसांची बॅग हलकी आणि उबदार, पण भिजली की तिचा चेंडू होतो आणि ऊब जाते. सिंथेटिक थोडी जड, पण ओलसर झाली तरी काही ऊब ठेवते आणि घरी धुता येते. सह्याद्रीचं दव आणि धुकं बघता आम्ही बहुतेकांना सिंथेटिकच सांगतो, जरी पिसांच्या बॅगेत आमचा नफा जास्त असला तरी.

एक घरगुती युक्ती. आईची जुनी नायलॉनची साडी दुमडून खालची आणि एक कडेची बाजू शिवून घ्या. स्लीपिंग बॅगेच्या आत घालायचं लायनर तयार. बॅग मळत नाही आणि थोडी ऊबही वाढते. भाड्याच्या बॅगेत झोपायला ज्यांना कसंतरी वाटतं, त्यांनी तर हे कराच. वाकळ न्यावी का, असंही काही जण विचारतात. वाकळीसारखी झोप कशातच नाही, पण दोन-अडीच किलोंची वाकळ गाडी जाते तिथपर्यंतच शोभते.

खालची मॅट मात्र विसरू नका. थंडी वरून लागते त्याहून जास्त खालच्या कातळातून चढते. फोमची साधी गुंडाळायची कॅरीमॅट ३०० ग्रॅमच्या आसपास असते, स्वस्त मिळते आणि काटा लागला तरी तिची हवा जात नाही. हवेची मॅट आम्ही ठेवतो, पण करवंदीच्या जाळ्यांतून जाणाऱ्याला देताना हात आखडता घेतो.

छप्पर. सगळ्यात हलका तंबू म्हणजे न नेलेला तंबू. गडावरचं देऊळ, गुहा, वाडीतली शाळा किंवा कुणाची तरी पडवी, यांची आधी चौकशी करा. उघड्यावर राहायचंच असेल आणि पावसाचे दिवस नसतील, तर ताडपत्री बघा. हिशेब सोपा आहे : ९० जीएसएमची ताडपत्री म्हणजे एका चौरस मीटरला ९० ग्रॅम. तीन बाय दोन मीटरचा तुकडा ५४० ग्रॅमचा, दोरी धरून सहाशे. दोघांत वाटून घेतली तर माणशी तीनशे. शेतीच्या दुकानात २०० जीएसएमची जाड ताडपत्री मिळते. ती कांद्याच्या चाळीसाठी ठीक, तुमच्या पाठीसाठी नाही. किडामुंगीची भीती वाटते किंवा बरोबर लहान मुलं आहेत, त्यांनी तंबूच घ्यावा. फक्त दांडे एकाकडे, कापड दुसऱ्याकडे असा तो वाटून घ्या.

पावसाळा. यात आम्ही स्वतः फसलेलो आहोत. कमळगडाच्या वाटेवर चांगल्यापैकी पैसे देऊन घेतलेलं रेनकव्हर सॅकला बाहेरून होतं आणि आम्ही निर्धास्त. पाणी पाठीवरून ओघळत आत गेलं आणि कव्हरच्या तळाशी साठून राहिलं. वर देवळात पोचून सॅक खाली ठेवली तेव्हा ती बादलीत ठेवल्यासारखी होती. स्लीपिंग बॅग पिळून काढली आणि रात्रभर भिंतीला टेकून बसून राहिलो. तेव्हापासून रेनकव्हर विकताना प्रत्येकाला सांगतो : कव्हर घ्या नाहीतर नका घेऊ, आतून मात्र मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला. खताच्या पोत्याच्या आत अस्तराची पिशवी असते तसली, पण नवी. सगळं सामान तिच्यात, तोंड पिळून खाली दुमडायचं. वजन शंभर ग्रॅमच्या आत आणि सॅक ओढ्यात पडली तरी झोपायचं कोरडं.

अंगावर सुती काही नको. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, वाळत नाही आणि वाऱ्यावर हुडहुडी भरते. खेळाच्या मैदानावर घालतात तो पॉलिस्टरचा टीशर्ट दीडशे ग्रॅमचा असतो आणि अंगावरच वाळतो. धनगर घोंगडी घेतो, त्याचंही कारण हेच : लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही. तीच डोक्यावरून घेतली की रेनकोट, पसरली की अंथरूण, ओढली की पांघरूण. एका वस्तूकडून तीन कामं घेण्याची रीत माणदेशात कुणाला शिकवावी लागली नाही. फक्त घोंगडी दोन-तीन किलो भरते आणि धनगराकडे सॅक नसते, एवढं लक्षात ठेवा.

बूट. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिले इथे करा. पायातला एक किलो पाठीवरच्या साधारण पाच किलोंइतका दमवतो, असं चालण्याच्या अभ्यासांत दिसलंय. म्हणून घोट्यापर्यंतचे जड चामडी बूट आम्ही सहसा सुचवत नाही. आपला कातळ बेसाल्टचा, पावसाळ्यात त्यावर शेवाळ. तिथे तळव्याचं रबर पकडतं की नाही, एवढाच प्रश्न. इथल्या जुन्या ट्रेकरांच्या पायात वर्षानुवर्षं ॲक्शन कंपनीचे साधे ट्रेकिंग शूज दिसतात ते उगीच नाही. ते आम्ही ठेवत नाही. पेठेत चपलांच्या दुकानात विचारा. बूट संध्याकाळी घालून बघा, पाय तेव्हा थोडे फुगलेले असतात. आणि नवे बूट ट्रेकच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका.

स्वयंपाक. भांड्यांच्या दुकानातलं लिटरभराचं ॲल्युमिनियमचं पातेलं आणि झाकण, दोनशे ग्रॅम. कान असतील तर ठोकून काढा, पक्कड घरातली घ्या. गॅसच्या कॅनवर बसणारा छोटा बर्नर शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. एक सांगून ठेवतो : स्वस्त कॅनमध्ये बहुधा नुसता ब्यूटेन असतो आणि तो शून्य अंशाच्या आसपास वायूच होत नाही. इथे चालेल, हिमालयात पहाटे चहा मिळणार नाही. कॅन रेल्वेत किंवा विमानात नेता येत नाही, तिकडेच घ्या. एका मुक्कामासाठी चूल न नेता भागवता येतं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, भिजवून खायचे पोहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. तेवढ्या वजनात बिस्किटंही मागे पडतात. जाळ करायचा असेल तर नका करू. अभयारण्यात मनाई आहेच, बाहेरही फेब्रुवारीनंतर गवत कोळ झालेलं असतं आणि वणव्याला एक ठिणगी पुरते.

हलकं करण्याच्या नादात काही गोष्टींना हात लावू नका. पाणी ही पहिली. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काही करता येत नाही. मार्चनंतर गडांवरची बरीच टाकी आटतात किंवा हिरवी होतात, तेव्हा माणशी तीन-चार लिटर धरून चला. टाक्याचं पाणी फडक्यानं गाळून, क्लोरीनची गोळी टाकून, अर्धा तास थांबून प्या. गोळ्यांचं पाकीट रुमालाइतकंही जड नसतं. हेडटॉर्च (मोबाईलची टॉर्च नव्हे, उतरताना दोन्ही हात मोकळे हवेत), प्रथमोपचाराची पिशवी आणि एक जास्तीचा उबदार कपडा हेही असंच.

विकत की भाड्यानं? बूट, हेडटॉर्च, मॅट स्वतःची घ्या. वर्षातून एक-दोनदाच मुक्काम होत असेल तर सॅक, स्लीपिंग बॅग, तंबू भाड्यानं न्या. पहिल्यांदा हिमालयात निघालात तर आधी ट्रेक नेणाऱ्या संस्थेला विचारा, तंबू आणि स्लीपिंग बॅग बऱ्याचदा त्यांच्या फीमध्येच असतात. मग आमच्याकडे जाड जॅकेट भाड्यानं घ्यायला या. भाड्याचे दर आणि अनामत मागच्या पानावर आहेत.

वजन करून द्यायला आम्ही पैसे घेत नाही. शुक्रवारी संध्याकाळी गर्दी असते, गुरुवारी आलात तर निवांत बोलता येईल. सॅकची चेन अडकत असेल तर तीही घेऊन या. बहुतेकदा नवी सॅक लागत नाही, रनर बदलला की काम होतं, नाहीतर मेणबत्ती घासली तरी चालते.

आणि सामान परत करताना स्लीपिंग बॅग ओली असेल तर तशी सांगा. पिशवीत कोंबून मुकाट्यानं काउंटरवर ठेवून जाऊ नका. सोमवारी वास आम्हाला कळतोच.