पांढरी तीनवरून काळी एकवर: ब्लॅक सॅबथ ऐकून गलबलून का येतं

५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर ब्लॅक सॅबथ या इंग्लिश हेवी मेटल बँडचे मूळ चौघं तब्बल २० वर्षांनी एकत्र वाजवायला उभे राहिले. उभे म्हणजे आपलं म्हणायचं, गायक ऑझी ऑस्बोर्न पार्किन्सन्समुळे काळ्या सिंहासनावर बसून गात होता. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली, मी ठाण्यात, मामा पुण्यात, दोघं फोन चालू ठेवून नुसते गप्प बसलेलो. १७ दिवसांनी ऑझी गेला, ७६ वर्षांचा होता.

मामाचं मी समजू शकते, त्याने कॉलेजात असताना मित्राच्या घरी एलपीवर हा बँड ऐकलेला. पण माझा जन्म १९८४ चा आणि या लोकांचा सगळ्यात जोरदार काळ म्हणजे १९७० ते ७३, मग मला कसली आठवण येत होती? जो काळ मी जगलेच नाही त्याची हुरहूर मला कशी लागते, हे मला खरंच समजून घ्यायचं होतं म्हणून गेले काही महिने जे मिळेल ते वाचत बसलेय, त्यातलं थोडं इथे लिहिते.

सुरुवात बोटांपासून करावी लागेल. बँडचा गिटारिस्ट टोनी आयोमी १९६५ साली, १७ वर्षांचा असताना, बर्मिंगहॅमच्या एका शीट मेटलच्या कारखान्यात कामाला होता आणि नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी मशीनमध्ये त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबायचा हात. माझा मामा भोसरीला प्रेस शॉपमध्ये होता, प्रेसमध्ये बोट जाणं म्हणजे काय हे त्याने शेजारच्या मशीनवर बघितलेलं, त्यामुळे ही गोष्ट सांगताना त्याचा आवाज नेहमी खाली जायचा. आयोमीला त्याच्या फोरमनने जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली, हा जॅझ गिटारिस्ट आगीत दोन बोटं निकामी होऊनही वाजवायचा. मग आयोमीने भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि त्यावर चामडं चिकटवलं.

पण टोपणाने जाड तारा दाबायला त्रास होतो, तेव्हा बारीक तारांचे सेट सहज मिळायचे नाहीत म्हणून त्याने बँजोच्या तारा लावून बघितल्या, आणि पुढे १९७१ च्या तिसऱ्या अल्बममधल्या काही गाण्यांत अख्खी गिटारच तीन अर्धस्वर खाली उतरवली. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर सगळ्यात जाड तार पांढरी तीनवरून काळी एकवर आली. आकड्यात म्हणजे साधारण ८२ हर्ट्झवरून ६९ हर्ट्झवर. आणि तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे सूर फक्त १६ टक्के उतरला तरी ताण मात्र जवळपास २९ टक्क्यांनी कमी होतो. दुखऱ्या बोटांना केवढा आराम! आणि वर तो जड, ढिला, लोळणारा आवाज मिळाला तो वेगळाच. पुढे ५० वर्षं हेवी मेटलवाले गिटार खाली उतरवतात त्याच्या मुळाशी एका कामगाराची दुखापत आहे, ही गोष्ट मला कितीही वेळा सांगितली तरी कमीच वाटते.

आता आवाज एवढा भरलेला का लागतो ते बघू. गिटारच्या व्हॉल्व्हवाल्या अँप्लिफायरला, म्हणजे अँपला, त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लहरीचे शेंडे कापले जातात, सपाट होतात, आणि लहर सपाट झाली की तिच्यात मूळ सुराचे भरपूर स्वयंभू स्वर, म्हणजे त्याच्या कंपनसंख्येच्या पटीतले वरचे सूर, नव्याने तयार होतात. आपल्याला हे अनोळखी नाही, मिरजेचे तंबोरे बनवणारे कारागीर जवारी काढतात, म्हणजे घोडीचा माथा नेमका घासतात, आणि घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवतात ते स्वयंभू स्वर फुलवण्यासाठीच, सर सी. व्ही. रामन यांनी १९२०च्या दशकातच यावर लिहून ठेवलंय. रस्ता वेगळा, तिथे तार घोडीला घासते आणि इथे अँप लहर कापतो, पण कानाला मिळणारी श्रीमंती एकाच जातीची.

आणि मेटलवाले वाजवतात काय, तर बहुतेक वेळा फक्त सा आणि प, त्यालाच ते पॉवर कॉर्ड म्हणतात. सा आणि प चं गुणोत्तर २:३, हे दोन सूर एकाच कापणाऱ्या अँपमधून गेले की त्यांची वजाबाकीही आवाजात उमटते, ३ वजा २ म्हणजे १, म्हणजे सा च्या बरोबर एक सप्तक खालचा सा! तो कुणीच वाजवलेला नसतो पण ऐकू येतो. म्हणून चार माणसांचा बँड डोंगरासारखा वाटतो.

१३ फेब्रुवारी १९७० ला पहिला अल्बम आला, जवळजवळ सगळा एकाच दिवसात रेकॉर्ड केलेला. बँडच्याच नावाच्या पहिल्या गाण्यात आधी पाऊस, मग चर्चची घंटा, आणि मग तीन सूर: सा, तार सा, आणि तिथून खाली उतरून तीव्र म. पाश्चात्य परंपरेत या सा ते तीव्र म अंतराला सैतानाचा सूर म्हणतात, चर्चने त्यावर बंदी घातली होती असंही ठोकून सांगतात पण त्याला ठोस पुरावा नाही. मला यातली गंमत वेगळीच वाटते. तीव्र म आपल्या यमनमध्येही आहे, संध्याकाळी यमन ऐकून कुणी घाबरत नाही, कारण तिथे तो प कडे जातो, घरी पोचतो. आयोमी त्याला तिथेच लटकत ठेवतो, वर हळूहळू थरथरवतो. भीती त्या सुरात नाहीये, घरी न पोचण्यात आहे.

घरी न पोचण्याची हीच वेदना नॉस्टॅल्जिया, म्हणजे गेलेल्या काळाची हुरहूर, या शब्दातही आहे. १६८८ साली योहान्नेस होफर नावाच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये ग्रीक भाषेतले दोन शब्द जोडले, नॉस्टोस म्हणजे घरी परतणं आणि आल्गोस म्हणजे वेदना, आणि तो एक आजार म्हणून मांडला. परदेशी लढणाऱ्या स्विस सैनिकांना तो होतो अशी ख्याती होती. रूसोने तर नोंदवलंय की त्या सैनिकांसमोर गुराख्यांची एक धून वाजवायला देहदंडाच्या शिक्षेसकट मनाई होती, कारण ती ऐकून ते रडायचे, पळून जायचे. म्हणजे गाणं आणि ही हुरहूर पहिल्यापासून जोडलेलीच आहेत. आज मात्र संशोधक याला आजार मानत नाहीत, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन विद्यापीठातल्या गटाने बरीच वर्षं दाखवलंय की नॉस्टॅल्जियाने माणसाला इतरांशी जोडलेलं असल्याची भावना वाढते, एकटेपणाला तो उतारा ठरतो.

मेंदूत काय होतं? माणसाला आयुष्यातल्या दहा ते तीस वयाच्या आठवणी बाकी काळापेक्षा जास्त आठवतात, आणि गाण्यांच्या बाबतीत तर पौगंडावस्थेतली गाणी सगळ्यात घट्ट बसतात. २००९ मध्ये कॅलिफोर्नियात पीटर जनाटा यांनी विद्यार्थ्यांना त्यांच्या ८ ते १८ वयातली गाणी ऐकवून मेंदूचं स्कॅनिंग केलं, तर ज्या गाण्यांशी आठवणी बांधलेल्या होत्या त्यांना कपाळामागचा मधला भाग जास्त प्रतिसाद देत होता. हाच भाग स्वतःबद्दलच्या विचारातही गुंतलेला असतो. २०११ ला माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दिसलं की आवडत्या संगीताने काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामाइन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि विशेष म्हणजे त्या क्षणाच्या आधी, तो येणारच आहे याची वाट बघतानाही सुटतं, पण मेंदूच्या वेगळ्या भागात. पाऊस आणि घंटा ऐकू आली की पुढचे तीन सूर यायच्या आधीच माझ्या हातावर काटा येतो तो यामुळे असणार.

शिवाय छातीत वाजतं ते. ढोल-ताशा पथकासमोर उभं राहिलेल्या कुणालाही हे सांगायला नको. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कॉन्सर्टमध्ये ८ ते ३७ हर्ट्झचे अतिखर्जाचे स्पीकर मधूनमधून चालू-बंद केले, लोकांना फरक कळतही नव्हता, तरी ते चालू असताना लोक सुमारे १२ टक्के जास्त हलले. उतरवलेल्या बास गिटारची सगळ्यात खालची तार साधारण ३५ हर्ट्झला येते, हिशोब तुम्हीच करा.

आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं २०१३ च्या एका अभ्यासात. कॉर्नेल विद्यापीठात कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांच्या सहकाऱ्याने विशीतल्या मुलांना १९५५ ते २००९ ची गाजलेली गाणी ऐकवली, तर मुलांच्या स्वतःच्या काळाशिवाय त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणीच्या गाण्यांनाही भावनेचा आणि आठवणींचा एक वेगळा उंचवटा निघाला. म्हणजे गाणं घरातल्या मोठ्या माणसाकडून येतं, त्याच्या तरुणपणासकट.

माझ्या बाबतीत तर पट्टीसकट आलंय. मामाच्या टेपरेकॉर्डरचा बेल्ट सैल झालेला, त्यामुळे कॅसेट हळू फिरायची आणि आधीच उतरवलेली गिटार आणखी उतरायची. मोठी झाल्यावर सीडी लावली तर मला ती चुकीची वाटली, चढी वाटली! डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ मध्ये दाखवलंय की साध्या, गाणं शिकलेले असोत-नसोत अशा माणसांना आवडतं गाणं गायला सांगितलं तर सुमारे ४० टक्के जण दोनपैकी निदान एका प्रयत्नात अगदी मूळ पट्टीत गातात. मी आठवत होते ती ब्लॅक सॅबथची पट्टी नव्हतीच, ती मामाच्या खोलीची पट्टी होती, दुसऱ्या शिफ्टहून येऊन तो पाय धुऊन खाटेवर बसायचा आणि मी खाली वह्या पसरून.

३० जुलैला बर्मिंगहॅमच्या ब्रॉड स्ट्रीटवरून ऑझीची अंत्ययात्रा निघाली, पुढे ब्रास बँड सॅबथची गाणी वाजवत होता. गिटार नाही, अँप नाही, नुसती पितळी वाद्यं, तरी सुरांमधली अंतरं तीच असली की धून ओळखू येतेच. दुतर्फा उभ्या गर्दीत १९७० मध्ये जन्मलेही नसतील असे कितीतरी चेहरे होते. मी मामाला व्हिडिओ पाठवला. दहा मिनिटांनी त्याचा व्हॉइस मेसेज आला, शब्द एक नाही, नुसती गुणगुणलेली धून. मी मोबाइलवरच्या ट्यूनरने तपासलं, मूळ रेकॉर्डपेक्षा जवळजवळ अर्धा सूर खाली होती.