टॅरोचा कौल आणि टॅरोची कीर्द

गणपतीत नणंद मुलुंडला आमच्याकडे मुक्कामाला होती. आरती, जेवणं, भांडी सगळं उरकल्यावर मी सवयीप्रमाणे वही आणि टॅरोचा डेक, म्हणजे लोक भविष्य बघायला वापरतात तो चित्रांच्या पत्त्यांचा जोड, घेऊन टेबलापाशी बसले, तशी ती शेजारी येऊन टेकली.

"वहिनी, माझं पण एक काढ ना. बदली होईल का बघ."

"अगं, हे बदलीबिदलीचं नाही. मी आपली माझ्यापुरतं लिहिते."

"मग कार्डं कशाला लागतात? नुसतं लिही की."

आतून सासूबाई म्हणाल्या, "कौल आहे तो. आमच्या गावी देवाला लावतात, ही पत्त्यांना लावते."

दोघींचंही तसं चूक नव्हतं. डेक तोच, पिसणं तेच, पालथं कार्ड उलटताना पोटात जरासं हलतं तेही तेच. त्यामुळे टॅरो म्हटलं की समोरचा एक तर हात पुढे करतो, नाही तर नाक मुरडतो. पण टॅरोचं रीडिंग आणि टॅरोची डायरी या दोन गोष्टींत साम्य आहे ते बहुतेक पुठ्ठ्यापुरतंच.

सासूबाईंचा शब्द मला फार नेमका वाटला. कोकणात गुरव देवाला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो आणि पाकळी कुठली पडते त्यावरून कौल ठरतो. उजवा कौल मिळाला की कामाला लागायचं. उत्तर बाहेरून येतं, ते मधला माणूस सांगतो आणि आपण मान डोलावतो. टॅरो रीडिंगची मांडणी हीच. नोकरी कधी लागेल, तो परत येईल का, ठाण्याला जागा घ्यावी का? रीडर तीन कार्डांचा किंवा केल्टिक क्रॉससारखा दहा कार्डांचा स्प्रेड, म्हणजे ठरावीक मांडणी, लावतो, अर्थ सांगतो. आपण ऐकतो, पैसे देतो, घरी येतो.

दुसऱ्या प्रकाराला माझ्या डोक्यात 'कीर्द' हे नाव बसलंय. मी फोर्टात हिशेबाचं काम करते, त्याचा हा परिणाम. इंग्रजी जमाखर्चातल्या जर्नलला आपल्याकडे कीर्दच म्हणतात. कीर्दीत त्या दिवशी जे झालं ते त्याच दिवशी, तारखेसह उतरवायचं. त्याचा अर्थ लावायची तिथे घाई नसते. नंतर एकेका खात्यावर त्याची खतावणी होते आणि मग कळतं, पैसा नेमका कुठे जात होता. टॅरोच्या डायरीत प्रश्न कार्ड विचारतं आणि उत्तर आपण लिहितो. बोलणारा बदलतो, एवढ्या एका फरकाने सगळं बदलतं.

आता पत्त्यांत भविष्य असतंच, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडा इतिहास. टॅरो जन्माला आला तो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, आणि तोही चक्क खेळ म्हणून. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यासारखाच. गंजिफ्याचे १२० गोल पत्ते, टॅरोचे ७८. जवळजवळ साडेतीनशे वर्षं लोक टॅरोने डाव खेळत होते. मग १७८१ मध्ये कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थाने छापून टाकलं, की ही प्राचीन इजिप्तची गुप्त विद्या आहे. इजिप्तची चित्रलिपी उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे त्यानंतर चाळीसेक वर्षांनी! वाचता न येणाऱ्या लिपीचा दाखला देऊन उभी राहिलेली ही परंपरा आहे, आणि तिचं वय आपण समजतो त्यापेक्षा बरंच कमी आहे.

डायरीच्या दृष्टीने खरी महत्त्वाची तारीख वेगळी. १९०९ साली लंडनमध्ये गूढविद्येवर लिहिणारे आर्थर वेट यांच्या कल्पनेतून एक डेक निघाला आणि त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांनी काढली. त्याआधीच्या बहुतेक डेकांत एक्का ते दश्शी अशा ४० छोट्या पत्त्यांवर नुसती चिन्हं असत, सात पेले म्हणजे सात पेले. पामेलाबाईंनी त्यांतल्या बहुतेक पत्त्यांवर माणसं आणली. कुणी नावेतून बाईला आणि मुलाला पलीकडे नेतोय, कुणी पेल्यांकडे न बघता झाडाखाली हाताची घडी घालून बसलाय, दोन भणंग माणसं बर्फातून उजळलेल्या खिडकीखालून चाललीयत. काम मोठं आणि पैसे अगदी थोडे, असं त्यांनी एका पत्रात कळवलं होतं. डेकची ओळख पुढे कितीतरी वर्षं प्रकाशक रायडर आणि वेट यांच्या नावानेच राहिली. असो. सांगायचं एवढंच, की डायरीसाठी डेक घ्यायचा तर सगळ्या पत्त्यांवर प्रसंग असलेला घ्या. ऑरॅकल कार्डं म्हणून जी मिळतात त्यांवर बहुधा 'विश्वास ठेव' छापाचं वाक्यच लिहिलेलं असतं. मग आपण काय लिहायचं?

चित्र बघून गोष्ट सांगायला लावायची ही युक्ती मानसशास्त्रालाही ठाऊक आहे. १९३५ मध्ये मॉर्गन आणि मरे यांनी तशी चाचणीच काढली. धूसर प्रसंगाचं चित्र दाखवायचं आणि इथे काय चाललंय ते सांगा म्हणायचं. सांगणारा चित्राबद्दल बोलता बोलता स्वतःबद्दल बोलतो. त्या चाचणीच्या निष्कर्षांवर किती विसंबावं यावर पुष्कळ वाद आहेत, पण निदान नको आणि लिहायला तोंड फुटायला हवंय, एवढ्यासाठी ती कल्पना बरी आहे. नणंदेच्या 'नुसतं लिही की'ला माझं उत्तर हेच. कोऱ्या पानावर मी रोज तेच लिहिते: गाडी लेट, साहेब वैतागलेले, पाणी कमी दाबाने. कार्ड मला त्या रुळावरून खाली उतरवतं.

उदाहरण देते. मार्चमध्ये एका रात्री टेन ऑफ वाँड्स निघालं. दहा लांब काठ्यांचा भारा कवटाळून वाकून चाललेला माणूस, लांबवर घरं. रीडरकडे हे निघालं असतं तर मला ऐकायला मिळालं असतं, की कामाचा बोजा आहे पण मुक्काम जवळ आलाय. ऐकून बरं वाटलं असतं आणि दुसऱ्या दिवशी मी तोच बोजा उचलला असता. वहीत मी आधी फक्त दिसतं ते लिहिलं. 'तोंड काठ्यांत खुपसलंय. समोरची घरं त्याला दिसत नाहीत. सगळ्या एकदम उचलायला कुणी सांगितलं होतं? दोन फेऱ्या केल्या असत्या.' आणि हात थांबला. ऑफिसचं वर्ष-अखेर, मुलाची दहावी आणि वर तीन वर्षं सोसायटीचं खजिनदारपद, कारण 'वहिनी, हिशेब तुम्हालाच जमतो'. कार्डावर फेऱ्या कुठेच नाहीत, ते शब्द माझे होते. सोसायटीच्या पुढच्या वार्षिक सभेत मी खजिनदारपद सोडलं. याच चित्रात दुसऱ्या कुणाला कष्टाळू, घरी पोचत आलेला माणूस दिसेल, आणि तोही खराच असेल.

रीडिंगमध्ये 'अगदी माझंच सांगितलं' असं जे होतं, त्याचा छडा मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्येच लावला होता. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुझं व्यक्तिचित्र' म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं याला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. कागद सगळ्यांना एकच दिलेला होता. म्हणून सगळे रीडर लबाड, असं मी म्हणणार नाही. या शहरात तासभर कुणी आपलं ऐकून घेतं, त्याचे पैसे दिले तर बिघडलं काय? फक्त ऐकवलेलं वाक्य बहुतेकांना बसणारं असतं. वहीतली 'दोन फेऱ्या' दुसऱ्या कुणाला बसल्या नसत्या.

माझी पद्धत साधी आहे. तारीख, कार्ड, चित्रात काय दिसतं याच्या चार-पाच ओळी, नजर पहिल्यांदा कुठे गेली, आणि मग मी. डेकसोबतची अर्थांची पुस्तिका सगळं लिहून झाल्यावर उघडायची, किंवा नाहीच उघडायची. वेळ पंधरा मिनिटं. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६च्या प्रयोगातही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटंच लिहायला दिलं होतं. मनावरच्या जखमेबद्दल घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं होतं, आणि नंतरच्या अभ्यासांत हा फायदा छोटाच दिसला. लिहून लिहून तीच खपली रोज निघत असेल तर वही मिटावी आणि माणसाशी बोलावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

वही ठेवायची कुठे, हा प्रश्न मुंबईत वेगळाच. वन बीएचकेमध्ये गुप्त वही ही कल्पनाच विनोदी आहे. माझी 'मेंटेनन्स २०१९' लिहिलेल्या फाइलीत असते. त्या फाइलीला आजवर कुणी हात लावलेला नाही.

महिनाअखेरीला खतावणी. मागच्या पानांवर कार्डागणिक नोंदी. इथे एक धोक्याची जागा आहे. 'तेच कार्ड पुन्हा पुन्हा येतंय, काहीतरी खूण आहे' असं वाटायला लागतं. ७८ पत्ते रोज नीट पिसून एकेक काढला, तर अकरा दिवसांत एखादं कार्ड दोनदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि महिनाभरात ते जवळजवळ अटळच. कार्ड परत आलं यात काही नाही. एट ऑफ स्वॉर्ड्स, म्हणजे डोळे आणि हात बांधलेली बाई, मला तीनदा आलं. तिन्ही वेळा मी माहेरच्या जागेच्या वाटणीबद्दल लिहिलं होतं, आणि तिचे पाय मोकळे आहेत हे तिसऱ्या खेपेला दिसलं. बघायचं ते इथे.

आणि कीर्दीत खाडाखोड चालत नाही. एक दिवस, एक कार्ड. आमच्या गाडीच्या ग्रुपमधली एकजण ठाणे ते दादर ॲपवर चांगलं कार्ड येईपर्यंत बोट फिरवत बसते, ही डायरी नव्हे, कौलच. हसायचा अधिकार मला नाही. ऑफिसात माणसं कमी करणार अशी कुजबुज होती, त्या रात्री मी लागोपाठ चार कार्डं काढली. चौथं सूर्याचं, म्हणजे शुभ मानतात ते, निघालं आणि मी डेक मिटला. त्या तारखेला वहीत 'सन' या शब्दाखाली काहीच लिहिलेलं नाही.

नणंदेला मी त्या रात्री कार्ड काढून दिलं नाही. डेक आणि एक कोरी वही दिली. ती जरा रुसलीच. "एवढं काय ते सांगायला," म्हणाली, पण निघताना दोन्ही पिशवीत टाकलं.

दिवाळीत तिने डेक परत आणला. बदलीचा कागद अजून आलेला नव्हता आणि तिने त्याचं नावही काढलं नाही. ती गेल्यावर सवयीने पत्ते मोजले, तर सत्त्याहत्तर भरले. कुठलं कमी आहे ते शोधायला पाच मिनिटं पुरली असती. तसाच डेक डबीत ठेवला.