बेसॉल्टच्या पोटात कार्बन मावेल का?

अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली की मुंबईच्या पायाखाली काय आहे ते कळतं: सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. हा बेसॉल्ट दिसायला ठोस. पण लाव्हाच्या एकेका थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो. कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड तिथे कायमचा साठवता येईल का, यावर जगभर काम चालू आहे. पवईच्या आयआयटीत कार्बन पकडून वापरण्यावर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्रही आहे.

आइसलँडमध्ये २०१२ साली हा वायू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये सोडला. आम्लधर्मी झालेल्या पाण्याने खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटं केलं आणि दोनेक वर्षांत ९५ टक्क्यांहून जास्त वायू कार्बोनेट खनिज होऊन बसला. वायूचा दगड झाला की गळतीची भीती संपते. मात्र टनभर वायूला पंचवीसेक टन पाणी लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात टँकरवर जगणारी गावं आहेत, तेव्हा हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पण खडकाच्या आत डोकावणार कसं? म्हणून संशोधक तो संगणकात उभा करतो. खडकाचे लाखो ठोकळे कल्पायचे, प्रत्येकाला सच्छिद्रता, तापमान, दाब द्यायचा, आणि सर्वांत अवघड म्हणजे पारगम्यता, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहील ते. प्रवाहाचं मूळ सूत्र डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली वाळूतून पाणी सोडून मांडलं. आजही गणित त्यावरच उभं आहे. त्यात रासायनिक क्रिया जोडल्या की प्रश्न चिघळतो, कारण नवं खनिज छिद्रंच बुजवत जातं आणि वाट बदलते.

दाबाचाही हिशोब ठेवावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप धरणाच्या जलाशयाशी जोडला जातो. खोल भेगांमधला पाण्याचा दाब किंचित वाढला तरी ताणलेला खडक सरकू शकतो.

बॉम्बे हाय या मुंबईजवळच्या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या अशाच संगणकी प्रारूपाला १९७६ पासूनच्या उत्पादनाच्या नोंदींचा आधार आहे. प्रारूप गेल्या वर्षांतला दाब बरोबर दाखवतं का, हे ताडून पाहता येतं. बेसॉल्टला असा इतिहास नाही. कोयनेजवळच्या तीन किलोमीटर खोल बोअरने तिथे बेसॉल्टची जाडी सुमारे सव्वा किलोमीटर असल्याचं दाखवलं. पण एका जागेवरून कोकण कळत नाही. संगणक कितीही वेगवान असो, आधी अशी आणखी छिद्रं पाडायला पैसा हवा.