वेबसाइटवरचा आदेश आणि कोर्टाची सर्टिफाइड कॉपी

निकाल मोबाइलवर आला, पीडीएफ उतरवून घेतली, चार नातेवाइकांना पाठवूनही झाली. आता पुन्हा कोर्टाची पायरी कशाला चढायची, असं कौटुंबिक न्यायालयातून मोकळं झालेल्या बहुतेकांना वाटतं. त्या पीडीएफमध्ये न्यायाधीशांचं नाव असतं, परिच्छेदांना क्रमांक असतात, शेवटी विवाह संपुष्टात आल्याचं स्वच्छ लिहिलेलं असतं. मग दुसऱ्या लग्नाच्या नोंदणीला गेलं की समोरचा माणूस तो कागद उलटा करून बघतो आणि विचारतो, "शिक्क्याची कॉपी कुठंय?"

दोन्ही कागद एकाच निकालाचे, मजकूरही बहुधा तोच. फरक असा की पहिल्यावरून आपल्याला काय झालं ते कळतं आणि दुसरा दाखवला की समोरच्याला ते मानावं लागतं. हा फरक वेळेवर लक्षात आला नाही तर अपिलाची मुदत हातची जाऊ शकते. म्हणून थोडं सविस्तर लिहितो. यातलं सगळं महाराष्ट्रातल्या कोर्टांपुरतं आहे.

आधी वेबसाइट. ई-कोर्ट्सच्या पोर्टलवर किंवा ॲपवर प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर असतो. आपल्याकडचे नंबर 'एमएच'ने सुरू होतात आणि वर्षाने संपतात. तो टाकला की पुढची तारीख, कोणत्या न्यायाधीशांसमोर प्रकरण आहे, आधीच्या तारखांना काय झालं आणि अपलोड केले असतील तर आदेश, एवढं घरबसल्या दिसतं. फक्त पुढची तारीख विचारायला अर्ध्या दिवसाची रजा टाकून कोर्टात जाणारे लोक अजूनही आहेत. त्यांनी हे ॲप आजच घ्यावं. सीएनआर माहीत नसेल तर पक्षकाराच्या नावाने किंवा प्रकरण क्रमांकाने शोधता येतं. क्रमांकाने शोधताना मात्र प्रकार नीट निवडावा लागतो. मुंबई-पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयांत घटस्फोटासारख्या वैवाहिक याचिकेच्या क्रमांकाआधी 'ए' असतो, पोटगीच्या अर्जाआधी 'ई'. 'ए' टाकून 'ई' शोधलं तर काही सापडत नाही आणि आपली फाइलच गहाळ झाली असं वाटायला लागतं.

या माहितीवर किती भरवसा ठेवायचा? तारखेपुरता पुष्कळ, निकालापुरता जपून. नोंदींमधल्या चुका किंवा उशीर याची जबाबदारी कोर्ट घेत नाही, असं पोर्टलवरच लिहिलेलं आहे. जास्त घोळ 'केस डिस्पोज्ड' या दोन शब्दांनी होतो. लोक ते वाचतात आणि घटस्फोट झाला असं धरून चालतात. याचा अर्थ एवढाच की त्या कोर्टाच्या पटावरून प्रकरण निघालं. ते मंजूर झालं असेल, फेटाळलं असेल, मागे घेतलं असेल, दुसऱ्या कोर्टात वर्ग झालं असेल किंवा अर्जदार हजर नसल्यामुळे काढून टाकलं असेल. शेवटची शक्यता सगळ्यांत वाईट, कारण गैरहजेरीत काढलेलं प्रकरण पुन्हा पटावर आणायला अर्ज करण्याची मुदत साधारण तीस दिवसांची असते आणि 'डिस्पोज्ड' वाचून खूश झालेला माणूस ते तीस दिवस पेढे वाटण्यात घालवतो.

कौटुंबिक प्रकरणांत आणखी एक अडचण येते. पक्षकारांची नावं अनेकदा झाकलेली असतात किंवा आदेशाची लिंकच उघडत नाही. वेबसाइट बिघडली असं वाटतं, पण यामागे कायदा आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे ही सुनावणी बंद दाराआड चालते आणि तिच्यातला मजकूर छापणं किंवा प्रसिद्ध करणं बेकायदा आहे. त्यासाठी एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयाचे निकाल परवानगीने छापता येतात, तेवढा अपवाद. विशेष विवाह कायद्यातही असंच कलम आहे. तेव्हा आपला घटस्फोटाचा निकाल कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी थोडा विचार केलेला बरा.

आता दुसरा कागद. बोलताना कोणी सर्टिफाइड कॉपी म्हणतं, कोणी खरी नक्कल, अर्जावर 'प्रमाणित प्रत' लिहितात. तिला वजन येतं ते पुराव्याच्या कायद्यामुळे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाची कलमं ७५ आणि ७६ तिच्याबद्दल आहेत. सरकारी अभिलेख ज्याच्या ताब्यात आहे त्या अधिकाऱ्याने फी घेऊन नक्कल द्यायची, तळाशी ती खरी असल्याचं लिहायचं, तारीख, नाव, हुद्दा आणि सही घालायची, शिक्का मारायचा. अशी नक्कल मूळ कागदाच्या जागी पुरावा म्हणून चालते. पीडीएफच्या प्रिंटआउटवर यातलं काही नसतं. वकिलांनी 'ट्रू कॉपी' लिहून सही केलेली झेरॉक्स किंवा नोटरीचा शिक्का मारलेली प्रत यांनीही ही जागा भरत नाही, कारण अभिलेख त्यांच्या ताब्यात नसतो. निकाल परदेशात दाखवायचा असेल तर अपोस्टिलही, म्हणजे कागद परदेशात मानला जावा म्हणून सरकारकडून होणारं साक्षांकन, मूळ किंवा प्रमाणित कागदावरच होतं, तेव्हा तिथेही पहिली पायरी हीच.

मिळवायची पद्धत किचकट नाही. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्यायचा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, पानांप्रमाणे पैसे भरायचे. घाई असेल तर तातडीच्या नकलेसाठी जादा फी असते. अर्जात प्रकरण क्रमांक, वर्ष, दोन्ही पक्षकारांची नावं, कोणत्या न्यायाधीशांनी निकाल दिला आणि निकालाची तारीख लागते. हे सगळं ई-कोर्ट्सवर एका पानावर मिळतं, म्हणजे वेबसाइटचा खरा उपयोग इथे होतो.

आणि कुठला कागद हवा ते नेमकं लिहायचं. 'निकालाची कॉपी' एवढंच लिहिलं तर निकालपत्र मिळतं, हुकूमनामा मिळत नाही. निकालपत्रात कोण काय म्हणालं, पुरावा काय आला, न्यायाधीशांनी का मानला किंवा का नाकारला ही सगळी चर्चा असते. हुकूमनामा, म्हणजे डिक्री, दोन-तीन पानांची असते आणि त्यात फक्त काय ठरलं ते असतं: विवाह विसर्जित, पोटगी एवढी, मूल अमक्याकडे, भेटीच्या वेळा तमक्या. दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे तो निकालापासून पंधरा दिवसांत तयार व्हायचा असतो, पण त्यावर तारीख निकालाचीच पडते. आपल्या घरातली भांडणं परक्या खिडकीवर वाचली जाऊ नयेत असं वाटत असेल तर हुकूमनाम्याची प्रत दाखवणं सोयीचं. अपील किंवा नवीन याचिका करायची तर दोन्ही लागतात. माझा सल्ला असा की एकाच अर्जात दोन्ही मागावेत, आणि जमलं तर दोन-दोन प्रती.

नक्कल हातात आली की तिच्या शेवटच्या पानावर तीन तारखा शोधा: अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. लोक हा भाग वाचतच नाहीत आणि वकील सगळ्यांत आधी तोच बघतात. मुदत कायदा, १९६३ च्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळवायला लागलेला वेळ अपिलाच्या मुदतीतून वजा होतो. निकाल १ जूनचा, अर्ज ११ जूनला, नक्कल तयार २१ जूनला असेल तर ११ ते २१ हे दिवस मोजायचे नाहीत. पण १ ते ११ मधले आपण घरी बसून घालवलेले दिवस मोजले जातात. नक्कल तयार होऊन खिडकीवर पडून राहिली आणि आपण ५ जुलैला उचलली, तर मधले दिवसही आपल्याच खात्यात जातात. अजून एक खाचखळगा त्या कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. हुकूमनामा तयार करायला कोर्टाला लागलेला वेळ आपण अर्ज करण्याआधीचा असेल तर तो वजा होत नाही. म्हणून 'डिक्री तयार झाली की अर्ज टाकू' हे धोरण घातक आहे. डिक्री तयार असो वा नसो, निकालाच्या दिवशीच अर्ज टाकून पावती घ्यावी. पीडीएफ कधी उतरवली याला या हिशेबात काहीही किंमत नाही.

अपिलाची मुदत किती, यावर बराच काळ गोंधळ होता. कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १९ मध्ये तीस दिवस आहेत, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २८ मध्ये २००३ च्या दुरुस्तीनंतर नव्वद. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१६ मध्ये सांगितलं की हिंदू विवाह कायद्याखालचा निकाल कौटुंबिक न्यायालयाने दिलेला असला तरी नव्वद दिवसच धरायचे. दुसऱ्या लग्नाची घाई असणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा, कारण हिंदू विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अपिलाची मुदत उलटेपर्यंत पुन्हा लग्न करता येत नाही, आणि अपील झालं तर ते फेटाळलं जाईपर्यंत. परस्परसंमतीचा घटस्फोट कौटुंबिक न्यायालयात झाला असेल तर गोष्ट वेगळी, त्या हुकूमनाम्यावर अपीलच नाही.

पैशांबाबत एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. घटस्फोटाचा हुकूमनामा झाला की त्याची एक प्रत दोन्ही पक्षकारांना मोफत द्यायची, हे कोर्टावर बंधनकारक आहे. हिंदू विवाह कायद्याचं कलम २३ आणि विशेष विवाह कायद्याचं कलम ३४, दोन्हींत हे आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली न्यायदंडाधिकाऱ्यांनी दिलेल्या आदेशाची प्रतही पक्षकारांना फुकट मिळते, आणि पोटगीच्या आदेशाची प्रत ती ज्याला मंजूर झाली त्याला. जास्तीच्या प्रती मात्र पैसे भरूनच. आपणहून कोणी प्रत हातात आणून ठेवेल याची वाट बघू नये, मागावी.

नक्कल कुठे मागायची हेही कधीकधी कोडं होतं. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे याचिका लग्न जिथे लागलं तिथे, जोडपं शेवटचं जिथे एकत्र राहिलं तिथे, समोरचा पक्ष राहतो तिथे किंवा पत्नी अर्जदार असेल तर ती राहते तिथे दाखल होऊ शकते. कागद तिथेच असतात जिथे निकाल लागला. आपण आता राहतो त्या शहरातल्या कौटुंबिक न्यायालयाला दुसऱ्या जिल्ह्यातल्या फाइलची नक्कल देता येत नाही. ज्या ठिकाणी कौटुंबिक न्यायालय नाही तिथे ही प्रकरणं दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे चालतात, मग नक्कल विभागही तिथलाच. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण दुसरीकडे वर्ग केलं असेल तर शेवटी जिथे निकाल झाला ते ठिकाण धरायचं. ई-कोर्ट्सवर जुना सीएनआर 'डिस्पोज्ड' दाखवत राहतो आणि नव्या कोर्टात नवा नंबर पडतो.

पक्षकार सोडून दुसऱ्या कोणाला नक्कल मिळते का? उदाहरणार्थ, ठरत असलेल्या स्थळाचा आधीचा घटस्फोट खरा आहे का हे बघायचं असतं. खिडकीवर जाऊन सहज मिळत नाही. तिऱ्हाइताला कारण दाखवून कोर्टाची परवानगी काढावी लागते आणि कौटुंबिक प्रकरणांत ती जपूनच दिली जाते. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून ही वाट टाळता येत नाही. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात म्हटलं की नकलांसाठी न्यायालयाचे स्वतःचे नियम आहेत, तर तीच वाट धरायची. अशा वेळी सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे ज्याचा घटस्फोट झाला आहे त्यालाच सर्टिफाइड कॉपी दाखवायला सांगणं. त्याने फोन पुढे करून पीडीएफ दाखवली तर सीएनआर विचारा, म्हणजे निदान प्रकरण आहे की नाही आणि शेवट कसा झाला ते पडताळता येईल.

शेवटचं एक काम दोन्ही कागदांच्या गडबडीत राहून जातं. लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, दागिन्यांच्या पावत्या असे मूळ कागद याचिकेसोबत दाखल केलेले असतात. निकालानंतर अपिलाची मुदत संपली किंवा अपील निकालात निघालं की ते परत मागता येतात, त्यासाठी त्याच कोर्टात अर्ज करायचा. त्याआधी हवे असतील तर त्यांची सर्टिफाइड कॉपी फाइलमध्ये ठेवून मूळ कागद सोडवण्याची विनंती करता येते. काही वर्षांनी जुन्या फाइलींतले कागद नियमाप्रमाणे नष्ट करतात, निकालपत्र आणि हुकूमनामा त्यापेक्षा जास्त काळ ठेवतात. वेबसाइटवर तुमचा निकाल तेव्हाही कदाचित दिसेल, पण लग्नाचा मूळ दाखला त्या फाइलीतच राहिला असेल तर तो कुठलीही लिंक परत देणार नाही.