घोडा कोसळण्याच्या आधी

शर्यतीत घोडा पडला की बघे आधी त्याचे पाय बघतात. गाडीला जुंपलेल्या घोड्याची तपासणी मात्र छातीपासून सुरू करावी.

अमेरिका, फ्रान्स, स्वीडन, ऑस्ट्रेलियात दोन चाकांच्या हलक्या गाडीला घोडा जुंपून शर्यती होतात. चौखूर उधळायला मनाई. पळायचं ते दुडक्या चालीनं किंवा रेवाल चालीनं, म्हणजे एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत. अमेरिकेत त्यासाठी स्टँडर्डब्रेड ही जातच तयार झाली. पाठीवर स्वार नाही, वेगही स्वाराच्या शर्यतीतल्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांपेक्षा कमी, त्यामुळे हाड मोडून जीव जाण्याचं प्रमाण इथे कमी दिसतं. चाकात चाक अडकून दोन-तीन गाड्या एकमेकींवर चढतात, तो धोका वेगळा. पण काही घोडे कशालाही न धडकता, पळता पळता मरतात.

उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं, ऐन शर्यतीत २२० च्या वर. त्याच वेळी पोटातली प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. एरवी रक्ताचा ३५ ते ४० टक्के भाग पेशींचा असतो, तो ६० च्या पुढे जातो. ऑक्सिजन भरपूर मिळतो, पण हे दाट रक्त फुप्फुसाच्या नाजूक केशवाहिन्यांतून दामटावं लागतं. तिथला दाब इतका चढतो की वाहिन्या फुटतात. नाकातून रक्त येणारे घोडे थोडे. दुर्बीण घालून पाहिलं तर शर्यतीच्या बहुतेक घोड्यांच्या श्वासनळीत कधी ना कधी रक्त सापडतं. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही. त्यात लगाम ओढून मान आखडली की काही घोड्यांचा घसाच अरुंद होतो. ऐटदार दिसतं म्हणून मान ताठ बांधणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. अशा मृत्यूनंतर शवविच्छेदनात कधी फुप्फुसातला रक्तस्राव दिसतो, कधी फुटलेली मोठी रक्तवाहिनी, आणि कधी काहीच नाही. मग हृदयाची लय बिघडली असावी असं मानतात.

पायाची गोष्ट थोडक्यात. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नाहीतच. हाडात बारीक चिरा आठवडेच्या आठवडे साठत जातात आणि एखाद्या दिवशी हाड तुटतं. लोक त्या दिवसाला अपघात म्हणतात.

सोलापुरात घोडा जुंपला, तर या सगळ्यावर ऊन चढतं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा सहज चाळिशी ओलांडतो. स्नायूंना मिळालेल्या ऊर्जेतला जेमतेम पाव भाग पळण्यात जातो, बाकीची उष्णता होते. ती घालवायला घोडा तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. या घामात लॅथेरिन नावाचं प्रथिन असतं, म्हणून साजाखाली पांढरा फेस येतो. माणसाच्या घामापेक्षा त्यात क्षार जास्त, त्यामुळे नुसतं पाणी पाजून भागत नाही. तापलेल्या अंगावर गार पाणी ओतलं की घोडा आखडतो, ही भीती अजून ऐकू येते. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या तयारीत शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. गार पाणी ओतत राहावं, त्यानं घोडा लवकर निवतो, असं निघालं.

१९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जनावर गाडीला जुंपता येत नाही. दिवसभरात ९ तासांच्या वर कामही नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात हा नियम रोजच लागू पडायला हवा. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मान्य केला तो बैलांच्या शर्यतींना परवानगी देणारा कायदा. घोडा जुंपणाऱ्यांनी त्यावर विसंबू नये.

अकलूजच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक दात बघतं, चाल बघतं, देवमण (शुभ मानला जाणारा केसांचा भोवरा) आणि बाकीचे भोवरे तर बोट लावून मोजतं. नाडी बघणारा विरळाच. जबड्याच्या हाडाखाली बोटं टेकवली की ती लागते. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत पशुवैद्य टप्प्याटप्प्यावर घोडा थांबवून ठोके मोजतात. ठरलेल्या मिनिटांत ते मिनिटाला ६४ किंवा त्याहून कमी झाले नाहीत, तर त्या घोड्याची शर्यत तिथेच संपते, मालक कितीही मोठा असो.