‘कप-बोर्ड’ की ‘कबर्ड’?

‘इंग्रजी जोडशब्द तोडा आणि दोन्ही तुकडे जसेच्या तसे उच्चारा, म्हणून कपाटाला कप-बोर्ड म्हणणेच शुद्ध,’ असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. स्पेलिंग पाहता कुणालाही तो पटेल, पण तो बरोबर नाही.

या शब्दात जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या पहिल्या तुकड्यावर येतो. दुसरा अवयव जोर नसल्याने आखडतो आणि ‘बोर्ड’मधला लांब स्वर आखूड, अस्पष्ट ‘अ’ होतो. प आणि ब दोन्ही ओठांनीच उच्चारले जातात, त्यामुळे प पुढच्या ब मध्ये विरून जातो. उरते ‘कबर्ड’, ब्रिटिश उच्चारात तर र सुद्धा ऐकू येत नाही. हा आळशीपणा नव्हे. काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द प वगळूनही लिहिलेला सापडतो.

गोंधळ बहुधा शब्दकोशामुळे होतो. शब्दाच्या मधला ठिपका (cup·board) उच्चार नव्हे, तर ओळ संपताना शब्द कुठे तोडायचा ते सांगतो. उच्चार शेजारी तिरप्या रेघांमध्ये असतो, आणि जोराची उभी खूण त्या अवयवाच्या आधी. ती पाहा, ध्वनिचिन्ह दाबून ऐका.

मात्र ‘ब्लॅकबोर्ड’, ‘कीबोर्ड’मध्ये ‘बोर्ड’ पूर्णच उच्चारतात, म्हणून प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे तपासावा लागतो.