राजकीय अपप्रचार, मराठवाड्यातील

राजकीय लाभासाठी हेतुपुरस्सर पसरविलेली खोटी वा अर्धवट माहिती आणि तिला आळा घालण्याचे प्रयत्न. मराठवाड्यात याचा आरंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते स्वस्त मोबाइल इंटरनेट खेड्यांत पोहोचल्यावरच हा विषय स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगा झाला. दुसरा पक्ष त्याची मुळे हैदराबाद संस्थानात शोधतो व तो अधिक ग्राह्य वाटतो.

संस्थानकाळ : विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात निघालेल्या ‘गश्ती निशाण ५३’ या निजाम सरकारच्या परिपत्रकाने सभांना पूर्वपरवानगी सक्तीची केली. त्याचे साल कोठे १९२१, तर कोठे १९२९ असे आढळते. मूळ आदेश व नंतरची दुरुस्ती यांची गल्लत त्यामागे असावी. आ. कृ. वाघमारे यांचे मराठवाडा हे साप्ताहिक बंदी आली की नवे नाव घेऊन निघे. अधिकृत बातमीवर विश्वास नाही आणि दुसरी बातमी उघडपणे मिळत नाही, अशा स्थितीत अफवेला वाव मिळतो. १९४७-४८ मध्ये तसेच झाले. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकार संघटनेच्या अत्याचारांच्या वार्ता खऱ्या होत्या. तथापि त्यांचा प्रचारासाठी वापरही झाला. भारत सरकारने १९४८ मध्ये हैदराबादविषयी श्वेतपत्रिका काढली. निजाम सरकारच्या हाती हैदराबाद व औरंगाबाद येथील नभोवाणी केंद्रे होती. ती १ एप्रिल १९५० रोजी आकाशवाणीकडे आली.

भारतीय लष्कराने हैदराबादवर केलेल्या पोलीस कारवाईच्या (१३ ते १७ सप्टेंबर १९४८) काळातील व नंतरच्या मुस्लिमविरोधी हिंसाचाराची पाहणी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार व मौलाना मिस्री यांच्या समितीने केली. सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद व नांदेड यांचा समावेश केला (इतर दोन गुलबर्गा व बीदर). मृतांचा तिचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा होता. हा आकडा वादग्रस्त आहे. परंतु अहवाल सरकारने प्रसिद्धच न केल्याने तो तपासण्याची संधी दीर्घकाळ नाकारली गेली आणि दोन्ही बाजूंच्या अतिशयोक्तीला मोकळे रान मिळाले. दडपलेली माहिती हा अपप्रचाराचाच एक प्रकार मानावा, असे यावरून म्हणता येते.

नामांतर : विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव संमत केल्यावर दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्याचे मूळ कोणी प्रादेशिक अस्मितेत, तर कोणी जातिव्यवस्था व जमिनीच्या संबंधांत पाहतात. नामविस्तार (जुने नाव ठेवून त्याला आंबेडकरांचे नाव जोडणे) १४ जानेवारी १९९४ रोजी झाला.

अलीकडचा काळ : मार्च २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरातील किराडपुरा येथील दंगलीच्या वेळी राममंदिराविषयी अफवा उठल्या, तत्कालीन खासदार इम्तियाज जलील यांनी मंदिरातूनच चित्रफीत काढून ते सुरक्षित असल्याचे दाखविले. मराठा आरक्षण आंदोलनात ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस व पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये जालना, बीड व छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांच्या भागांत इंटरनेट बंद झाले. अशा आदेशांचा आधार दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद करण्याविषयीचे २०१७ चे नियम होते. त्यांनुसार पुनर्विलोकन समितीने पाच कामकाजी दिवसांत आदेश तपासावयाचा असे. २०२० च्या दुरुस्तीने एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा घातली. इंटरनेट बंद करण्याच्या या उपायाने अफवेबरोबर तिचे खंडनही थांबते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत विभागातील आठपैकी सात जागा महाविकास आघाडीने जिंकल्या. संविधान बदलले जाईल, या प्रचाराला भाजपने ‘फेक नॅरेटिव्ह’ ठरविले. विरोधकांनी मात्र कर्नाटकातील तत्कालीन भाजप खासदार अनंतकुमार हेगडे यांच्या संविधान दुरुस्तीविषयीच्या वक्तव्याकडे बोट दाखविले. भविष्याविषयीची भीती खोटी ठरविता येते काय, हा प्रश्न तेथे उरतो. केंद्राच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा ठरविण्यासाठी सरकारी तथ्यपडताळणी कक्षाची तरतूद करणारी माहिती तंत्रज्ञान नियमांतील २०२३ ची दुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायाधीशांच्या मतभेदात अडकली. तिसरे न्यायाधीश न्या. अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य असल्याचे मत दिले.

निवडणूक काळात जिल्हास्तरीय माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या जाहिराती व पेड न्यूज तपासतात. मे २०२४ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना बनावट चित्रफिती निदर्शनास आल्यापासून तीन तासांत हटविण्यास सांगितले. व्हॉट्सॲपच्या खासगी गटांतील ध्वनिसंदेश व्यवहारात या समित्यांच्या दृष्टीआडच राहतात.